कल्याणचें बंदर : दोन भरत्यांमधील एक दिवस

कल्याण हें नांव उच्चारलें कीं आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें तें तेथील रेल्वेचें स्टेशन. पुण्याकडे जाणारा, नाशिककडे जाणारा, मुंबईहून येणारा असा बहुतेक प्रवासी या जंक्शनावरून गेलेला असतो. परंतु स्टेशनाबाहेर पडून दीड-दोन मैल चालत खाडीच्या कांठापर्यंत गेलेला मनुष्य शंभरांत एखादाच सांपडेल. वाड्यांत परसदारानें शिरावें, स्वयंपाकघरांतील भांडीं पाहावीं आणि 'घर पाहिलें' असें म्हणून परत फिरावें, तशांतलाच हा प्रकार आहे. कल्याणचा दर्शनी दरवाजा पाण्याच्या बाजूस आहे. दोन हजार वर्षें त्या दरवाजानें माणसें आलीं व गेलीं. आगगाडी आली ती अवघ्या एकशें सत्तर वर्षांखालीं, आणि तीही मागील दारानें.

गेल्या कार्तिकांत आमच्या स्नेह्यांपैकीं एक दांपत्य या दर्शनी दरवाजानें कल्याणांत आलें, एक दिवस राहिलें आणि रात्रीच्या भरतीनंतर परत गेलें. त्या दिवसाची हकीकत या महिन्याच्या सदरांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. स्नेही व्यापारी जहाजांवर तीस वर्षें नोकरी करून निवृत्त झालेले. वहिनी सोळा माणसांच्या एकत्र कुटुंबांतील धाकटी सून. दोन्ही मुलांचीं लग्नकार्यें उरकल्यावर उभयतांनीं सोळा-सतरा हात लांबीचा एक जुना मचवा विकत घेतला, त्यास नवें शीड करविलें, आणि दर हिवाळ्यांत आठ-पंधरा दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानें हिंडण्याचा परिपाठ ठेविला. घरच्या वडील मंडळींस हें फारसें रुचलें नाहीं. थोरल्या जाऊबाईंनीं तर स्पष्टच विचारलें होतें, "काशी-रामेश्वर करायच्या वयात हें काय आरंभिलं आहे?" वहिनींनीं त्यांस उलट उत्तर दिलें नाहीं, मात्र प्रत्येक सफरीहून परततांना त्या त्या बंदरावरील देवाचा अंगारा जाऊबाईंसाठीं आणावयास त्या कधीं चुकल्या नाहींत.

या खेपेस त्यांच्या मचव्यांत सामानाबरोबर एक प्रश्नही आला होता. मधल्या दिरांची कन्या व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्यांच्या शिक्षणक्रमासाठीं निवडली गेली होती. प्रवेशाचे पैसे दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत भरावयाचे होते, आणि घरांत त्या गोष्टीवर एकमत होईना. वडील मंडळींचें म्हणणें, मुलीच्या जातीनें सहा-सहा महिने समुद्रावर राहावें हें आपल्या घरास झेपणारें नव्हे. मुलीच्या वडिलांचें म्हणणें याच्या नेमकें उलट, आणि तें फार जोराचें. अखेर थोरल्या जाऊबाईंनींच निवाडा केला कीं, "धाकटीनं सांगावं. पाणी तिनं पाहिलं आहे." रात्रीं निघण्यापूर्वीं वहिनींनीं दूरध्वनीवरून आपलें मत कळवावें असें ठरलें होतें. अर्थात् तो सबंध दिवस आमच्याबरोबर हिंडतांना त्यांच्या मनांत एक ओझें होतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रथम तीं उभयतां आलीं कशीं तें सांगतों, कारण त्यांत आमच्या घरोघर भिंतीला टांगलेल्या पंचांगाचा एक असा उपयोग आहे कीं जो आपण विसरलों आहों. कोंकणपट्टींतील तांडेल व कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरती पूर्ण होण्याची घटका अजमासें हातीं येते. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणून अष्टमीस सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी, आणि बारा तास पंचवीस मिनिटांनीं पुन्हां भरती. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. यांतील मर्म असें कीं, चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग चालते. सूक्ष्म गणित केल्यास प्रत्येक तिथीस पाऊण तास नव्हे तर अठ्ठेचाळीस मिनिटें पडतात. तेवढ्यामुळें पंधरवड्याच्या अखेरीस जुन्या आडाख्यांत पाऊण तासाची चूक सांचते. पौर्णिमेची पाऊणपट सव्वाअकरा होते, पण पाणी पुरें चढावयास बारा वाजतात. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा माणसांनीं केवळ निरीक्षणानें बांधलेला हा आडाखा इतका जवळ यावा, हें कौतुकास्पद नव्हे काय? पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी सर्वांत अधिक चढतें व उतरतें; तें उधाण. अष्टमीच्या सुमारास तें मंदावतें; तो भांग. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या बंदरांत भरती व ओहोटी यांतील अंतर चार मीटरांहून अधिक होतें, तर भांगाच्या दिवसांत तें निम्म्याहूनही कमी भरतें.

दिवस होता कार्तिक शुद्ध दशमीचा. भांग सरून पाण्यास चढ लागलेला. दशमीची पाऊणपट साडेसात. त्यांत वरील चूक मिळवली म्हणजे आठ. परंतु हा हिशेब समुद्रकांठचा. खाडींतून आंत आंत जावें तसतशी भरती उशिरां पोंचते. त्यामुळें कल्याणास पाणी पुरें चढावयास दहा वाजून जातात. नवमीची रात्र त्यांनीं ठाण्याजवळ कोलशेतच्या बंदरांत काढली आणि पहांटे पाणी आंत वळतांच नांगर उचलला.

खाडी असें आपण म्हणतों. वास्तविक हें उल्हास नदीचें मुख आहे. बोरघाटाच्या डोंगरांत उगम पावलेली उल्हास, कल्याणच्या वरच्या अंगास येऊन मिळणारी काळू, आणि काळूस आधींच मिळालेली भातसा, असें तिघींचें पाणी कल्याणावरून खालीं उतरतें. ठाण्याजवळ या पाण्याचे दोन फांटे होतात. मोठा फांटा घोडबंदरावरून वसईच्या किल्ल्यापाशीं समुद्रास मिळतो. लहान, उथळ फांटा ठाण्याच्या पूर्वेकडून मुंबईच्या बंदरांत उतरतो. या दोन फांट्यांनीं वेढलेलें बेट म्हणजे साष्टी. ठाण्याकडील त्या उथळ फांट्यावर हिवाळ्यांत हजारों रोहित पक्षी उतरतात; तेथें २०१५ सालीं अभयारण्य जाहीर झालें आणि २०२२ मध्यें त्या पाणथळीस रामसर यादींत स्थान मिळालें.

कोलशेतहून निघाल्यावर डाव्या हातास भिवंडीकडील गांवें लागतात. कशेळी, काल्हेर, आणि त्यांपुढें अंजूर. वसईच्या मोहिमेंत ज्यांनीं पेशव्यांस मोलाचें साहाय्य केलें त्या गंगाजी नाईकांचें हें गांव. १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें, १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई सर केली. त्या सर्व धामधुमींत दाणागोटा व दारूगोळा यांची ने-आण याच पाण्यावरून झाली असली पाहिजे. उजव्या हातास पारसिकचा डोंगर, मग मुंब्रा, आणि तो मागें पडल्यावर डोंबिवलीच्या उंच इमारती. तिवरांच्या राईआडून एकदम वीस-वीस मजले वर आलेले पाहून वहिनींना म्हणे क्षणभर वाटलें कीं, समोरून कोणीं तरी भलें मोठें गलबतच हांकारून आणिलें आहे. आडवे येणारे पूल पार करण्यासाठीं त्यांस दोन वेळां डोलकाठी उतरून वल्हीं हातांत घ्यावीं लागलीं. स्नेही म्हणाले, "शीड उतरलं की हिचा हात सुकाणूवर आणि माझे वल्ह्यांवर. घरात जो कारभार तोच इथं." यावर वहिनी नुसत्या हंसल्या.

आम्ही त्यांची वाट पाहत दुर्गाडीच्या पायथ्याशीं गणेशघाटावर उभे होतों. दहाच्या सुमारास पुलाखालून मचवा बाहेर आला. पाणी कांठोकांठ होतें. रंग मात्र चहासारखा. आणि हें येथेंच सांगून टाकलें पाहिजे कीं, त्या पाण्यास घाण येते. अंबरनाथ-उल्हासनगरकडील वालधुनी आपल्याबरोबर कारखान्यांचें व गटारांचें पाणी घेऊन याच खाडींत उतरते. वहिनींनीं पदर नाकाशीं धरला नाहीं, पण घाटावर पाय ठेवण्यापूर्वीं हंड्यांतील गोड्या पाण्यानें ते धुतले. ज्या पाण्यावर शहर वसलें त्या पाण्यानें पाय धुण्याची सोय राहूं नये, याची लाज आम्हांस त्या क्षणीं जितकी वाटली तितकी कोणताही अहवाल वाचून वाटली नव्हती.

दुर्गाडी हा किल्ला मोठा नाहीं. टेकडीवर चढावयास पांच मिनिटें पुरतात. परंतु वर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे हा टेंकू येथेंच कां, हें न सांगतां समजतें. आंतून येणारी नदी, खालून येणारी भरती, आणि पलीकडे भिवंडीचा रस्ता, या तिहींवर येथून डोळा ठेवतां येतो. १६५७ सालच्या ऑक्टोबरांत शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठी आरमाराचा आरंभ या खाडींत झाला. वसईच्या पोर्तुगीजांच्या ताब्यांतील समुद्राकडे जाण्याचा मार्ग पार करून ही तारवें बाहेर न्यावयाचीं होतीं. आणि मौज अशी कीं तीं बांधण्याच्या कामीं महाराजांनीं पोर्तुगीज कारागिरांचेंच साहाय्य घेतलें होतें. स्नेही जन्मभर जहाजांवर वावरलेले. त्यांचें लक्ष तटबंदीपेक्षां कांठाच्या उताराकडे अधिक. ते म्हणाले, "तारू बांधायला खोल पाणी लागत नाही. उधाणाला पाण्यावर येईल आणि भांगात कोरडं राहील असा चिखलाचा सपाट कांठ लागतो, आणि जवळ सागवान लागतं. इथं दोन्ही आहे." मागें माहुली-माळशेजकडील रानें आणि पुढें हा कांठ, एवढ्यावर एका राज्याचें आरमार उभें राहिलें.

त्याही पूर्वींचें कल्याण पाहावयाचें तर डोळे मिटूनच पाहावें लागतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथांत या बंदराचें नांव 'कल्लिएना' असें आलें आहे. त्यांत सांगितलें आहे कीं, थोरल्या सातकर्णीच्या वेळीं हें रीतसर व्यापाराचें बंदर होतें; पुढें अंमल बदलला, अडवणूक सुरू झाली, आणि चुकून येथें शिरलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्याखालीं भडोचेस नेलीं जाऊं लागलीं. घाटमाथ्यावरील जुन्नरचा माल नाणेघाटानें उतरून येथें येई. कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ख्रिस्ती प्रवाशानेंही येथील बंदराची व पितळेच्या व्यापाराची नोंद केली आहे. म्हणजे ज्या काळीं आजच्या मुंबईचीं सात बेटें अलग अलग होतीं, त्या काळीं कल्याणचें नांव दूरदेशींच्या खलाशांच्या तोंडीं होतें.

मग हें बंदर गेलें कोठें? त्याचें एक उत्तर गाळांत आहे व दुसरें रुळांत. डोंगरांवरील झाडी कमी होत गेली तसतशी नद्यांबरोबर माती अधिक आली व खाडी भरत चालली. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी आली. पुढील वर्षीं १ मे रोजीं ती कल्याणास पोंचली. १८६३ मध्यें बोरघाट व १८६५ मध्यें थळघाट तिनें ओलांडला. तांदूळ, मीठ, कौलें, सुकी मासळी हा माल भरतीची वाट पाहत बसेना. आगगाडीस तिथि लागत नाहीं. ज्या गांवाची महती नदी व समुद्र यांच्या सांध्यावर होती, त्याची महती आतां दोन लोहमार्गांच्या सांध्यावर आली, आणि गांवानें हळूहळू आपलें तोंड पूर्वेकडे फिरविलें. आम्ही रेल्वेची निंदा करीत नाहीं. तिनेंच येथील मध्यमवर्गीयांस नोकऱ्या दिल्या, तिच्याच आधारानें डोंबिवलीसारखें खेडें शहर झालें, आणि फाळणीनंतर निराधार होऊन आलेल्या सिंधी बंधूंस कल्याण कॅम्पांत जो आसरा मिळाला त्याचें पुढें उल्हासनगर झालें. परंतु नवी सून आली म्हणून सासूस माजघरांत कोंडावें अशी रीत नाहीं. कायद्यानें २०१६ सालीं कल्याण-ठाणें-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्गांच्या यादींत घातला आहे. कागदावर का होईना, सासूचें नांव पुन्हां घेतलें गेलें आहे.

अकराच्या पुढें आम्ही गांवांत गेलों. पारनाका, टिळक चौक, सुभेदारवाडा, त्रिविक्रमाचें देऊळ, मग शेणाळें तळें असा फेरा घेतला. सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांचें नांव ज्या वाड्यास चिकटलें आहे त्या जागीं आज शाळा भरते. वाचकांपैकीं ग्रंथप्रेमी मंडळींस सांगावयास हवें कीं, येथील सार्वजनिक वाचनालय १८६४ मधील आहे. गल्ल्यांतून अजून क्वचित् एखादा दुमजली लाकडी वाडा दिसतो, पण दोहों बाजूंच्या नव्या इमारतींमध्यें तो अवघडून उभा असतो. घरीं येऊन भोजन झालें. वालाचें बिरडें, भात, आमटी, आणि आवळीभोजनाचे दिवस म्हणून आवळ्याची चटणी. जेवतांना वहिनींनीं विचारलें, "भावजी, आनंदीबाई जोशी याच गावच्या ना?"

होय, याच गांवच्या. ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणांत जन्मल्या. माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं गोपाळराव जोशी यांच्याशीं विवाह झाला. तेही टपालखात्यांत येथेंच नोकरीस होते. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलें, आणि योग्य औषधोपचार मिळाले असते तर तें वांचतें असें त्या मुलीच्या मनानें घेतलें. १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर येथील महाविद्यालयांत भरसभेत उभें राहून आपण अमेरिकेस कां जातों हें त्यांनीं सांगितलें, आणि ७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून आगबोटींत पाऊल टाकलें. नवरा बरोबर नव्हता. वय अठरा. १८८६ च्या मार्चांत फिलाडेल्फिया येथें एम्. डी. झाल्या. गोपाळराव मागाहून अमेरिकेस गेले होते. उभयतां त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस उतरलीं. कोल्हापूरच्या रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक ठरली होती. परंतु क्षयानें ग्रासलेला देह त्या कामापर्यंत पोंचला नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. वयाचें बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेलें त्यांचें चरित्र आमच्या आजींच्या पिढीनें रडत रडत वाचलें.

ही हकीकत सर्वांस ठाऊक असते, पण ती बंदराच्या गांवांत बसून ऐकली म्हणजे तिला एक निराळी धार येते. समुद्रयात्रा कलिवर्ज्य, असें ज्या समाजानें ठरविलें, त्या समाजाचीं घरें याच खाडीपासून हांकेच्या अंतरावर होतीं. दारांतील गलबतांनीं आणलेला माल घरांत येत होता. गलबतांतून जाणें मात्र निषिद्ध होतें. पाण्याचें उत्पन्न घ्यावयाचें आणि पाण्याचा विटाळ मानावयाचा, हा व्यवहार आम्हीं शतकानुशतकें चालविला, आणि त्यास उघड छेद दिला तो याच गांवच्या एका मुलीनें.

दुपारीं चारच्या सुमारास आम्ही पुन्हां घाटावर आलों. पाणी पार उतरलें होतें. सकाळीं जेथें मचवा डुलत होता तेथें तो आतां चिखलांत एका कुशीवर टेकला होता, आणि त्याच्याभोंवतीं निवटे उड्या मारीत होते. वाळूच्या धंद्यांत उभा जन्म घालविलेला एक वृद्ध नावाडी तेथें बसला होता. पूर्वीं याच खाडींत लोक बादली घेऊन बुडी मारीत व तळची रेती वर काढीत, तें तो सांगत होता. "श्वास किती धरता येतो ते पाण्याला विचारून चालत नाही, आपल्या छातीला विचारावं लागतं," असें तो म्हणाला. त्यानें तें रेतीविषयीं म्हटलें. वहिनींनीं मात्र तें उचललें असें आम्हांस दिसलें.

बऱ्याच वेळानें त्या बोलूं लागल्या. "आनंदीबाईंचं उदाहरण घरात दोन्ही बाजूंनी देतात. भावजी म्हणतात, बघा, दीडशें वर्षांपूर्वीं एक मुलगी गेली. जाऊबाई म्हणतात, बघा, गेली ती परत येऊन मेली. दोघांचंही खरं. पण तिला समुद्रानं नाही मारलं. थंडी, न मानवणारं अन्न, जिवापलीकडचे कष्ट, आणि आजार दिसत असूनही मागं फिरायची चोरी, यांनी मारलं. म्हणजे तिला पाठवायला नको होतं असं नाही. तिची तयारी करून द्यायला कोणी नव्हतं, हें दुखणं. बोट बंदरात ठेवली तरी किडतेच. पण फुटक्या फळीची बोट भरतीत लोटली तर दोष भरतीचा नव्हे."

स्नेही म्हणाले, "अगं, आता काळ बदलला आहे. २०१७ सालीं नौदलाच्या सहा मुलींनी 'तारिणी'वरून गोव्याहून निघून पृथ्वीला वळसा घातला आणि पुढल्या मे महिन्यात सुखरूप परत आल्या. शिडाची बोट, आणि तीही आपल्या गोव्यातच, दिवाडीला बांधलेली."

"आल्या, कारण आधी तीन वर्षं शिकल्या," वहिनी म्हणाल्या. "आणि दुसरी गोष्ट. गोपाळरावांनी बायकोला शिकवलं ते मोठंच. पण त्यांचा हट्ट किती आणि तिची इच्छा किती, हें निवडायला तिला अवसर मिळाला तो फार उशिरा. आपल्या पोरीचा बाप फार जोरात बोलतो आहे. मला तिचा आवाज अजून ऐकूं आलेला नाही."

सायंकाळीं दिवेलागणीनंतर त्यांनीं आमच्या ओसरीवरून मुलीस दूरध्वनि केला. आम्ही उठून जाऊं लागलों, पण त्यांनीं खुणेनें बसविलें. त्यांनीं तीन प्रश्न विचारले. "तुला जायचं आहे, कीं बाबांना तुला पाठवायचं आहे?" मुलगी कांहीं वेळ गप्प राहिली असावी; नंतर तिचें उत्तर लांबलचक झालें आणि वहिनींचा चेहरा सैल झाला. "जहाजावरचं खाणं, जागरण, उलट्या, चाळीस पुरुषांत एकटी, हें सगळं कोणाशी बोलून घेतलं आहेस का?" त्याचें उत्तर बहुधा अर्धेंमुर्धें आलें, कारण काकूंनीं तिला स्वतःबरोबर पौषांत आठ दिवस मचव्यावर येण्याचें फर्मान तेथल्या तेथें सोडलें. तिसरा प्रश्न हळू आवाजांत होता. "नाही जमलं, परत यावंसं वाटलं, तर लाज न वाटतां घरी फोन करशील? आम्ही कोणी तुला विचारणार नाही, हें मी आत्ता सांगते आहे." या प्रश्नावर पलीकडे ती रडली असावी, कारण वहिनींनीं बराच वेळ नुसतें "असूं दे, असूं दे" एवढेंच म्हटलें.

मग त्यांनीं जाऊबाईंस विचारलें नाहीं, तर कळविलें. पण तें अशा रीतीनें कीं मान त्यांचाच राहावा. "वन्सं नाहीत, आई नाहीत, आता घरात तुमचाच शब्द. पोर मनापासून म्हणते आहे. पैसे उद्या भरूं द्यावेत असं मला वाटतं. पण तिची तयारी तुमच्याखेरीज कोण करणार?" पलीकडे शांतता पसरली. आम्हांस वाटलें, आतां काशी-रामेश्वराचा उद्धार होणार. तो झाला नाहीं. जाऊबाईंनीं विचारलें तें इतकेंच, "मेतकूट किती दिवस टिकतं ग बोटीवर?"

रात्रीं साडेदहास पाणी पुन्हां कांठोकांठ चढलें. दशमीचा चंद्र पश्चिमेकडे कलला होता, आणि त्या उजेडांत पाण्याचा काळपटपणा दिसत नव्हता. मचवा आपोआप उठून सरळ उभा राहिला. क्षणभर पाणी ना आंत ना बाहेर असें थबकलें. कांठाच्या काडीवर नजर ठेवून बसलेले स्नेही "वळलं" असें म्हणाले, आणि वहिनींनीं दोर सोडला.

आमच्या वाचकांस आमची विनंति अशी. पुढील सुटींत मुलांस घेऊन कल्याणास जाल तेव्हां आदल्या रात्रीं पंचांग उघडा, तिथीची पाऊणपट मुलांकडूनच करवा, तींत दोन-अडीच तास मिळवा, आणि त्या वेळेस दुर्गाडीच्या पायथ्याशीं उभे राहा. पाणी चढतें, थांबतें व वळतें तें मुलांना एकदां पाहूं द्या. पाण्याची दुर्गंधि येईल; तीही येऊं द्या, कारण ती नाहींशी करण्याचें काम त्यांच्याच पिढीकडे जाणार आहे, आणि न पाहिलेल्या पाण्यासाठीं कोणी भांडत नाहीं. आणि घरांत एखादी मुलगी दूर जाण्याची गोष्ट काढील, तर होकार-नकाराच्या आधीं वहिनींचे ते तीन प्रश्न तिला अवश्य विचारा. तिसरा विसरूं नका.

पुढील महिन्यांत याच खाडीच्या दुसऱ्या कांठावर, ठाण्याच्या किल्ल्याकडे जाऊं. तेथें आज तुरुंग आहे, म्हणून आंत शिरतां येणार नाहीं. पण १८१६ सालीं त्रिंबकजी डेंगळे तेथून निसटले कसे, तें बाहेर उभें राहूनही सांगतां येईल.